पंचविसावं काडतूस

हेमंत, तुला एक सांगायचंय आणि तू चिडणार आहेस. म्हणजे, चिडला असतास. तुझं चिडणं तरी काय, चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाने पुसायचा आणि म्हणायचं, "ठीक आहे." लग्नाला अठरा वर्षं झाली, पण त्या "ठीक आहे"ची माझी धास्ती काही गेली नाही. त्यापेक्षा चार भांडी आपटली असतीस तर परवडलं असतं. सांगते, पण सगळं सांगते, मध्ये बोलू नकोस.

आज सोळावा दिवस. घरात मी आणि सई. तुझा डबा अजून ओट्यावर पालथा आहे, तो उचलायची माझी हिंमत नाही. गॅसचं बटण बंद आहे का ते मी आता तीन-तीनदा बघते. पूर्वी तू बघायचास आणि मी तुला हसायचे. "अरे, हात लावून झाला, डोळे लावून झाले, आता काय नाक लावतोस?" आता मीच नाक लावते. सई दारात बूट घालून उभी असते आणि ओरडते, "आई, हायाकु! लवकर! शाळेला उशीर होतोय!" आणि मी परत मागे वळते.

तू गेलास तो सोमवार होता. तू नेहमीसारखा निघालास, ऑफिसची बॅग, तोच राखाडी कोट. सव्वा तासाने हॉस्पिटलमधून फोन आला, तू स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर कोसळला होतास. मी पोचले तेव्हा त्यांनी मला एक पारदर्शक पिशवी दिली. तुझं पाकीट, चष्मा, रुमाल, आणि त्या दोन किल्ल्या. एक बंदुकीच्या लोखंडी कपाटाची, दुसरी काडतुसांच्या छोट्या कपाटाची. त्या किल्ल्या तू मला कधी दाखवल्याही नव्हत्यास, नियम होता तसा. त्या माझ्या तळहातावर पडल्या आणि मला रडण्याआधी भीती वाटली, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तुझ्या या बंदुकीच्या नादावर मी किती बोलले असेन! पुण्याच्या सदाशिव पेठेतला मुलगा, घरात साधा उंदीर मारायला कुणी धजत नाही, आणि हा निघालाय मातीच्या तबकड्या फोडायला. अमेरिकेत पोस्टडॉक करताना तुला त्या क्लबातल्या म्हाताऱ्याने पिस्तुलाची काडतुसं हाताने भरायला शिकवली होती. हळू आवाजाची, कमी वेगाची, कागदावरच्या निशाण्यापुरती. इथे जपानात पिस्तूल आपल्यासारख्याला स्वप्नातही मिळायचं नाही, मग तू छर्ऱ्यांच्या बंदुकीचा परवाना काढायला घेतलास. जपानीत परीक्षा, डॉक्टरचा दाखला, किती महिने चाललं होतं ते. मग पोलिसातले मोरिता-सान घरी आले, माझी मुलाखत घ्यायला. नवरा दारू पितो का? हात उगारतो का? रागावतो का? मी म्हटलं, "रागावत नाहीत, तोच तर प्रॉब्लेम आहे." त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं. खालच्या मजल्यावरच्या आजींनाही विचारलं त्यांनी. आजी म्हणाल्या, हे गृहस्थ कचरा कधी चुकीच्या दिवशी टाकत नाहीत, बाटल्यांची झाकणं वेगळी काढून टाकतात. मी तुला किती दिवस चिडवत होते, तुझा परवाना बाटलीच्या झाकणांवर मिळालाय म्हणून.

पण मला कधी तुझ्याबरोबर रेंजवर यावंसं वाटलं नाही, आणि त्याचं कारण तुला माहीत होतं. तो मोठा भूकंप झाला तेव्हा सई चार वर्षांची होती. तिला पोटाशी धरून मी टेबलाखाली, तू लॅबमध्ये, फोन लागत नव्हते, आणि सगळ्या मोबाइलांतून तो भोंगा वाजत होता. त्यानंतर कुठलाही मोठा आवाज झाला की माझ्या काळजाचं पाणी होतं, अजून होतं. आठवड्याभरात मी सईला घेऊन पुण्याला गेले आणि तू आला नाहीस. चार महिने. "लॅबमधली माणसं इथेच आहेत, शुभे, मी एकटा कसा निघू?" एवढंच म्हणालास. मी परत आले तेव्हा तुझी ती मोजामोजी सुरू झाली होती. किल्ल्या मोजायच्या, बटणं तपासायची, दाराला कुलूप लावून परत ओढून बघायचं. मी विचारलं नाही त्या चार महिन्यांत तू कसा राहिलास. तू का आला नाहीस, हे मात्र मी वर्षानुवर्षं विचारत राहिले. दर मार्चला आपलं तेच भांडण, तिथेच थांबायचं. आता ते कोण संपवणार? मी एकटी तर भांडू शकत नाही.

मग दोन वर्षांपूर्वी तू म्हणालास, तुला दचकायला होणार नाही असं काडतूस करतो, मग येशील? मी म्हटलं, बघू. मला वाटलं बोलण्यातलं बोलणं. तू कागदपत्रं करून दारू, छर्रे, रिकामी नळकांडी सगळं रीतसर आणलंस आणि मागच्या खोलीत शिवणाच्या टेबलावर ते काडतुसं भरायचं हातयंत्र बसवलंस. माझं शिवणाचं टेबल! सगळी सुई-दोऱ्याची डबी खाली जमिनीवर. दर रविवारी सकाळी मोबाइल बंद, दार लोटलेलं.

मी दारात उभं राहून बघायचे, तेव्हा तू समजावून सांगायचास, जसा सईला भूमिती समजावायचास. दारू कमी म्हणजे वेग कमी, आवाज कमी, खांद्याला धक्काही कमी. पण कमी असते म्हणूनच धोका. नळकांड्यात जागा उरते, लक्ष उडालं आणि दोनदा पडली तरी वरून कळत नाही. नाहीतर पडतच नाही, मग मधलं प्लास्टिकचं बूच बंदुकीच्या नळीतच अडकतं, आणि पुढचा बार त्याच्यावर. पुढचं तू बोलला नाहीस, नुसता हात उघडून दाखवलास. म्हणून प्रत्येक नळकांड्यात तू छोटा टॉर्च मारून बघायचास, मग वहीत एक टिक, मग तोंड मिटवायचं, आणि नंतरच दुसऱ्याला हात. मला ते ऐकून रात्री झोप लागेना. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू सगळं बंद केलं असतंस आणि मग तो दोष माझ्या माथी.

रेंजवर मी आले तो दिवस आठवतो? डोंगरात, गार हवा, तुझ्या मागे पिवळ्या रेषेच्या आत मी कानांवर ते कानझाक लावून उभी. शेजारच्या माणसाचा बार झाला आणि मी जागच्या जागी उडाले. मग तुझा नंबर आला. तबकडी उडाली, आणि आवाज आला तो गादीवर धपाटा घातल्यासारखा. तबकडी फुटली नाही, चुकला तुझा नेम, पण तू वळून आधी माझ्याकडे बघितलंस. "कसं?" मी म्हटलं, "आवाज येतोय. पण दचकायला नाही झालं." तू एवढा हसलास की पुढच्या दोन तबकड्याही गेल्या. कुणी माझ्यासाठी आवाज कमी करून आणेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं, हेमंत. मी हे तेव्हा म्हणायला हवं होतं. मी काय म्हटलं? "चला, बस चुकेल."

आता यंदाच्या खंडेनवमीवर येते. नीट ऐक.

सुट्टीचा दिवस होता. मी देव्हाऱ्यापुढे पाट मांडला. शिवणाची कात्री, माझा लॅपटॉप, सईची कंपासपेटी, तुझा पाना आणि पक्कड. तू मागच्या खोलीत काडतुसं भरत होतास, पंचवीस करायची होती. मी येऊन म्हटलं, अरे, तुझं शस्त्र? तू म्हणालास, बंदूक विनाकारण कपाटाबाहेर काढायची नाही, देवी समजून घेईल. तेवढ्यात कुरिअरवाल्याने बेल वाजवली आणि तू हातातलं खाली ठेवून दार उघडायला गेलास.

टेबलावर तो निळा वाडगा होता. त्यात तुझी खोटी काडतुसं असायची, दारू नसलेली, यंत्र जुळवून बघायला केलेली. दिसायला डिट्टो खरी. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी त्यातलं एक उचललं. पदरात घेतलं, पाटावर इतर वस्तूंच्या मागे ठेवलं, हळदकुंकू लावलं. आणि देवीला म्हटलं, याच्या हातून दारू कधी दोनदा पडू देऊ नकोस आणि कधी विसरू देऊ नकोस. इतकंच मागितलं मी. तुला सांगितलं असतं तर तू वर्षभर चिडवलं असतंस, "बंदुकीच्या नावाने बोटं मोडणारी बघा, काडतुसाला कुंकू लावते!" म्हणून नाही सांगितलं. दसऱ्याला बाकी सगळं उचललं आणि ते मात्र देवीच्या तसबिरीमागे सरकवून ठेवलं. राहू दे तिच्याजवळ. खोटंच तर आहे.

त्या दिवशी मी तुला घाई केली, तेही मला आठवतंय. "आटप, नैवेद्याची पुरणपोळी गार होतेय." वहीत पंचवीस टिका झाल्या होत्या, तू ट्रे तसाच कपाटात सरकवून कुलूप लावलंस. मोजला नाहीस. तू! बटण तीनदा बघणारा माणूस.

आठवड्याने तू काडतुसं काढलीस आणि ती चोवीस निघाली.

स्वयंपाकघरात येऊन उभा राहिलास. चेहरा पांढराफटक. "शुभे, माझं एक काडतूस कुठे दिसलं का?" मी फोडणीत होते, वैतागले. "मी तुझ्या काडतुसांना हात लावत नाही, माहीत आहे ना तुला?" तू म्हणालास, "माहीत आहे." आणि गेलास. मला शपथेवर विचार, त्या क्षणी देवीमागचं ते माझ्या डोक्यात आलंसुद्धा नाही. माझ्या लेखी ते काडतूस नव्हतंच. ते वाडग्यातलं एक नळकांडं होतं आणि आता देवाघरचं झालं होतं.

त्यानंतरचे तीन आठवडे तू घरात असून नव्हतास. जेवताना मध्येच थांबायचास. इथे एक काडतूस हरवणं म्हणजे काय, ते मला तू पहिल्या दिवसापासून बजावलं होतंस. कुणा पोराच्या हाती लागलं तर? मी म्हटलं, अरे टिक चुकून जास्त मारली असशील, खोड एक आणि मोकळा हो. तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी कुणाचा तरी खून कर म्हटलंय. दोन शनिवार तू "लॅबला जाऊन येतो" म्हणून सकाळीच गेलास, संध्याकाळी आलास. मी विचारलं नाही. मग तो सोमवार.

तुझ्या आईंनी फोनवरून सगळं सांगितलं. रडत होत्या आणि सांगतही होत्या. "शुभदा, तेरा दिवस देवाला हात लावू नकोस गं. दिवा नाही, पूजा नाही. देव झाकून ठेव." मी देव्हाऱ्यावर तुझा धुतलेला पांढरा पंचा टाकला. इथल्या पद्धतीने तुला नेलं, अस्थींचा डबा मी मांडीवर घेऊन आले. शेजारच्या लिमयेकाकू दोन्ही वेळचा डबा पाठवत होत्या. दिवस कसे गेले ते विचारू नकोस.

पाचव्या दिवशी मोरिता-सान आले, बंदुकीच्या दुकानाचा एक माणूस बरोबर घेऊन. माणूस गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही. दारातच त्यांनी खूप वेळ मान झुकवली. मग हातमोजे घालून दोन्ही कपाटं उघडली. वही काढली, काडतुसं टेबलावर पाच-पाचच्या ओळीत लावली. शेवटच्या ओळीत चार. त्यांनी परत मोजली. मग दुकानदाराने मोजली. मी सईचा खांदा धरला.

ते आवाज न चढवता म्हणाले, "घरात शोधलं तर चालेल?" त्यांनी शोधलं. कोटांचे खिसे, शिवणाची डबी, तांदळाचा डबासुद्धा. मग त्या पंच्याजवळ आले. "इथे काय आहे?" मी म्हटलं, देव आहेत. घरात मृत्यू झाला की तेरा दिवस झाकून ठेवतो, हात लावत नाही. मोरिता-सान मागे सरले. म्हणाले, "आमच्याकडेही घरातल्या देवाच्या फळीला पांढरा कागद लावतात, दिवस होईपर्यंत." आणि त्या पंच्याला नमस्कार करून ते दुसऱ्या खोलीत गेले. मला त्या माणसाबद्दल इतकं बरं वाटलं तेव्हा. बघ आता.

जाताना सईला आत पाठवून त्यांनी मला विचारलं, "पतींना अलीकडे काही काळजी होती का? झोप, जेवण?" मग म्हणाले, "त्या सोमवारी सकाळी दहाला त्यांनी माझी भेट मागितली होती. कशासाठी, ते फोनवर सांगितलं नाही." तू ऑफिसला निघाला नव्हतास! वही आणि कपाटातली तुझी छोटी डायरी घेऊन ते गेले, म्हणाले पुन्हा येऊ, तोवर शोधा.

इथून पुढचं सांगायची मला लाज वाटते. मी तुझ्यावर संशय घेतला, हेमंत. एक माणूस एक काडतूस बाजूला का ठेवेल? मोरिता-साननी विचारलं नाही तसं, पण त्यांना तेच विचारायचं होतं आणि मला ते कळलं. तुझी झोप उडाली होती, जेवण गेलं होतं, शनिवारी तू लॅबला गेला नव्हतास. कसं कळलं म्हणतोस? तुझ्या जाड बुटांच्या तळांना लाल माती होती आणि कोटाच्या आतल्या खिशात त्या डोंगरातल्या बसची दोन तिकिटं. रेंजवर गेला होतास, पण बंदूक तर दोन्ही दिवस बरोबर नेली नव्हतीस. मग बंदुकीशिवाय डोंगरात काय करायला गेलास? त्या भूकंपानंतरच्या चार महिन्यांत तू एकटा होतास, तेव्हापासून तुझ्या आत काही होतं का, जे मी कधी विचारलं नाही? डॉक्टर सांगत होते हृदयातला अडथळा जुना होता, तो कधीही गाठणार होता. पण मी बसले की तेच. तू मला सोडून जायची तयारी करत होतास का? मी इतकी वाईट होते का?

सईला मी काही बोलले नाही, पण ती मूर्ख नाही. अकराव्या दिवशी मी तुझ्या पुस्तकांच्या मागे हात घालून शोधत होते, तर ती म्हणाली, "आई, तू काय शोधतेस ते मला माहितीये. बाबा असं करणार नाहीत. झेत्ताई." अजिबात नाही म्हणे, कधीच नाही. मी म्हटलं, शनिवारी खोटं बोलून गेले होते ते. ती म्हणाली, "तू ओरडशील म्हणून." आणि दार लावून घेतलं. चौदा वर्षांच्या पोरीला जे दिसत होतं ते मला दिसत नव्हतं.

चौदाव्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी पंचा काढला. देव ताम्हनात घेतले, टाक घासले, बाळकृष्ण घासला. देवीची तसबीर पुसायला उचलली. मागे, सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्यांत, कुंकवाचा ठिपका लागलेलं ते उभं होतं.

पहिल्यांदा मी हसले, खरंच. अरे, हे तर आपलं खोटं! उचललं, आणि उलटं केलं. खोट्याच्या बुडाला नुसतं भोक असतं, हे तूच दाखवलं होतंस. याच्या बुडाला चकचकीत टिकली होती, आपण लहानपणी दिवाळीत पिस्तुलात घालायचो तसली, पण पितळी, नवीकोरी. मी ते दोन्ही हातांत धरून खाली बसले. कुरिअरवाल्याच्या बेलला तू हातातलं खाली ठेवलंस ते त्या निळ्या वाडग्यात. आणि मी ते उचललं. तू जाईपर्यंत रोज संध्याकाळी त्याच्यापासून हातभर अंतरावर मी निरांजन लावत होते. सई तिथे शुभं करोति म्हणत होती.

मोरिता-सानना फोन केला. ते तासाभरात आले. हातमोज्यातल्या हाताने उचललं, निरखलं, कुंकू बघून थांबले. मी सगळं सांगितलं, जपानी अडखळत होतं तरी थांबले नाही. पूजा, वाडगा, कुरिअर, सगळं. मी ठेवलं, मी विसरले, त्यांचा काही दोष नाही. ते लिहीत होते. मला वाटलं आता पोलिसस्टेशनला यावं लागणार. त्यांनी पेन ठेवलं आणि म्हणाले, "तुमच्या पतींची वही बरोबर होती. पंचवीस." बाकीचं वरिष्ठांना कळवतील, मला परत एकदा जबाबाला जावं लागेल, रागावतील, रागावू देत. मी जाईन.

मग त्यांनी तुझी छोटी डायरी काढली. म्हणाले, शेवटचं पान आमच्याकडे कुणालाच वाचता आलं नाही, तुमची भाषा आहे, फाइलसाठी काय लिहिलंय ते सांगाल का? मी डायरी घेतली. तुझं ते मुंगीएवढं अक्षर. मी वाचत गेले आणि त्यांना जपानीत सांगत गेले.

"२५ भरली, २४ आहेत. कोट, बॅग, बूट पाहिले. शनिवार: रेंजवर गवतात शोधलं, लेन एक ते तीन. नाही. शनिवार: लेन चार, पाच, बसथांब्यापर्यंतची वाट. नाही. शुभाला सांगितलं नाही, उगाच काळजी करेल, तिला आधीच झोप नाही." तर तुला माहीत होतं की मला झोप नव्हती.

त्याखाली होतं, "सोमवारी मोरिता-सानना सांगायचं. परवाना गेला तर जाऊ दे."

पानावर वरच्या कोपऱ्यात अजून एक ओळ होती, चौकट केलेली. अगदी पहिली, शोधायला सुरुवात करण्याआधीची. ती मी वाचली, पण त्यांना सांगितलीच नाही. म्हटलं, काही नाही, तारीख आहे. पोलिसांशी खोटं बोलले मी, तेवढं एक.

तू लिहिलं होतंस, "शुभा म्हणाली, हात लावलेला नाही. म्हणजे घरात शोधायचं कारण नाही."

माझ्या एका फणकाऱ्यावर तू घरात शोधायचं सोडलंस आणि डोंगरात गुडघ्यांवर बसून गवत चाचपत राहिलास, दोन दोन शनिवार. देव्हारा दहा पावलांवर होता. आणि मी, तुझ्या बुटांची माती बघून, नऊ दिवस तुझ्याबद्दल नाही नाही ते मनात आणत होते.

कर आता, चष्मा पूस. म्हण "ठीक आहे." मी ऐकून घेईन, एक शब्द उलट बोलणार नाही.

हेमंत, मी हात लावला होता.